खातेदार जवळ आहेत का?

आधी गॅसवाले, मग पाणीवाले, मग बँक.
स्विंडनमधली मार्चची दुपार, काचेला ओल,
कानाशी चाळीस मिनिटं पियानोचं तेच तुणतुणं,
मग कॅरिस नावाची मुलगी. आवाजात वेल्सचा हेल.
खातेदाराचं पूर्ण नाव?

दिगंबर वामन पाटणकर.
एकतीस वर्षांत उखाण्याशिवाय
इतकं सपाट तुझं नाव मी घेतलं नव्हतं.
डी फॉर डोसा, म्हटलं घाईघाईत. ती हसली नाही.

जन्मतारीख एक जून, मास्तरांनी लावलेली.
(खरी श्रावणातली. ती सासूबाईंना माहीत होती,
आता एकट्या मला.)
आईचं माहेरचं आडनाव? मोघे.
पहिली शाळा? मिरजेची, पत्र्याची, अकरा नंबर.
कॅरिस म्हणाली, उत्तरं सगळी बरोबर आहेत,
पण तुम्ही म्हणजे ते नाही ना.

नाहीच.
घराच्या कर्जावर मात्र आम्ही दोघं.
हप्ता चुकला की पत्रावर माझंही नाव छापून येतं.
हप्ता जिथून जातो त्या खात्यात उरले किती,
ही तुझी खाजगी माहिती,
आणि तिचं संरक्षण माझ्यापासून करायचं आहे.

खातेदार जवळ आहेत का?
नुसतं हो म्हणाले तरी चालेल.

तू समोरच होतास. शालीखाली उजवा हात,
नोव्हेंबरपासून निजलेला.
शब्द आत आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
वाट बुजली आहे.
एकच शब्द बाहेर येतो अजून.
चहा हवा? पण.
दुखतंय? पण.
लेकीचा फोन आहे लीड्सहून. पण, पण.

फोन तुझ्या तोंडाशी धरला.
कॅरिसनं सावकाश, अगदी गोड विचारलं,
तुमच्या खात्याबद्दल तुमच्या पत्नीशी बोललं तर चालेल?
तू मान हलवलीस, गळ्याच्या शिरा ताणल्यास
आणि सगळा जीव एकवटून म्हणालास,
पण.

काय म्हणाले ते?
सांगता आलं असतं, आमच्यात हो ला असंच म्हणतात.
तिला कुठे कळणार होतं?
एकतीस वर्षं तुझ्या 'पण'चा अर्थ
मीच तर लावत आले,
पाहुण्यांसमोर, मुलीसमोर, भिशीतल्या बायकांसमोर.
आज जीभ रेटली नाही.
म्हटलं, ते आजारी आहेत, आणि फोन ठेवला.

वकील ओकशॉट म्हणाले,
धडधाकट होते तेव्हाच मुखत्यारपत्र करायचं.
त्याचं माहितीपत्रक दोन वर्षं फ्रिजवर होतं की,
मॅग्नेटखाली, पिझ्झाच्या कुपनाशेजारी.
आपण दोघंही त्याला म्हातारपणाचा कागद म्हणायचो.
आता कोर्टात अर्ज. महिने लागतील.
तुझ्या कारभाराला मी लायक आहे का,
ते तुला कधीही न भेटलेला कुणीतरी ठरवणार.

रात्री ओट्यावर अर्ज पसरला.
तुझं सगळं आठवून आठवून भरलं.
मग एका पानावर माझीच चौकशी:
अर्जदाराची स्वतःची आर्थिक स्थिती.

पीठाच्या डब्यामागून पासबुक काढलं.
शाळेच्या किचनमध्ये तेरा वर्षं बटाटे सोलले,
त्यातून बाजूला पडत गेलेले
चार हजार तीनशे सोळा पौंड.
तुला कधी सांगितले नाहीत.
कशासाठी ठेवले होते?
पळून जायला नव्हे. जायला नव्हे.
पण.

आकडा लिहिला. तुझ्याजवळ येऊन मोठ्यानं वाचला.
तू पासबुकाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, बराच वेळ,
आणि म्हणालास तुझा तो एकुलता शब्द, अगदी हळू.

या वेळी मला अर्थ लागला नाही.